हसू आणि हसं

परवा सातपूरला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत आमच्यापुढे सातवी-आठवीतला एक मुलगा उभा होता. त्याच्या आईने ओळख करून दिली, "हे बघ, आपल्या साप्ताहिकात चित्रं काढतात ना, ते हे काका." मुलाने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जयभीम केला आणि थेट विचारलं, "काका, एका चित्राला किती वेळ लागतो?"

आम्ही म्हटलं, "वीस मिनिटं."

"मग बाकीचा आठवडा काय करता?"

मागचे-पुढचे सगळे हसले. आम्हीही हसलो आणि ताट पुढे केलं. पण पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पानाच्या कोपऱ्यात दोन बोटांची चौकट, तिच्यात चार रेघा आणि एक वाक्य, एवढ्यासाठी आठवडा कशाला लागतो? वाचकहो, त्या मुलाला रांगेत उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सगळ्यांच्या साक्षीने देतो.

वीस मिनिटं लागतात ती शाई फिरवायला. बाकीचा आठवडा जातो तो काय काढायचं ते शोधण्यात, आणि सुचलेल्यातलं काय काढायचं नाही ते ठरवण्यात.

विनोद आकाशातून पडत नाही. आमच्या खिशात एक छोटी वही असते. रेशनच्या रांगेत, सिटी बसमध्ये, द्वारका चौकात वाहनं तुंबलेली असताना, नळाला पाणी यायच्या आधी बायका बोलत असतात तेव्हा, जे कानावर पडेल ते दोन शब्दांत टिपून ठेवायचं. त्यातल्या शंभर टिपणांतून पाच-सहा चित्रं निघतात. बाकीची वहीतच राहतात.

एक उदाहरण देतो. कांद्याचा भाव. लासलगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे हा विषय वर्षाआड दारात येऊन बसतो. भाव चढले, की आम्हाला पहिली कल्पना सुचते ती अशी: चोर घरात शिरतो, दागिन्यांचा डबा तसाच ठेवतो आणि कांद्याची टोपली घेऊन पळतो. हसू येतं. पण त्याच सकाळी ही कल्पना राज्यातल्या निम्म्या व्यंगचित्रकारांना सुचलेली असते. मागच्या खेपेला भाव चढले होते तेव्हाही ती सुचली होती. म्हणून आमचा एक नियम आहे. पहिली कल्पना वहीत लिहायची आणि तिच्यावर काट मारायची. ती डोक्यातून कागदावर उतरल्याशिवाय दुसरीला जागा होत नाही.

दुसरी कल्पना एसटीत सुचली. लासलगावकडून येणारा एक शेतकरी रिकामी पोती मांडीवर घेऊन बसला होता. माल मातीमोल भावाने गेला होता. त्याच्या शेजारी शहरातली एक बाई होती, आणि तिची तक्रार अशी, की बाजारात कांद्याला हात लावायची सोय राहिली नाही. कांदा तोच होता. विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणि घेणारीच्याही डोळ्यांत पाणी. हे आम्ही वहीत लिहिलं.

पहिल्या कच्च्या चित्रात शेतकरी दोन ओळी बोलत होता, बाई दोन ओळी बोलत होती, आणि कोपऱ्यात सुटलेल्या पोटाचा एक व्यापारी हसत होता. चित्र शब्दांनी गच्च भरलं. मग काटछाट सुरू केली. शेतकऱ्याचे शब्द काढले, रिकाम्या पोत्यावर फक्त 'लासलगाव' लिहिलं. बाईचे शब्द काढले, तिच्या हातातल्या पिशवीत दोनच कांदे दाखवले. व्यापाऱ्यालाही पुसून टाकलं. उरले दोन रडणारे आणि बाईच्या मांडीवरचं एक पोर. ते विचारतं, "आई, दोघंही रडताय. मग कांदा चिरतंय कोण?"

आता त्या वाक्याची गंमत बघा. "कोण चिरतंय कांदा?" असं लिहिलं तरी अर्थ तोच. पण मग 'कोण' आधीच येऊन जातो आणि शेवटी उरतो कांदा. कांदा तर चित्रात दिसतोच आहे. "कांदा चिरतंय कोण?" असं लिहिलं, की शेवटचा शब्द 'कोण' होतो आणि वाचणाऱ्याचे डोळे चित्रात तिसऱ्या माणसाला शोधू लागतात. तो चित्रात नाही. मराठीत शब्द मागेपुढे करायची ही मोठी सोय आहे. ज्या शब्दाने टाळी मिळायची तो शेवटी ठेवायचा, आणि त्याच्यापुढे एक अक्षरही ठेवायचं नाही.

मग चित्र आमच्या घरच्या कोर्टात जातं. सौ. भाजी निवडत असतात. काही न बोलता कागद पुढे ठेवायचा. त्या हसल्या तर चित्र पास. "म्हणजे काय?" असं विचारलं तर समजावत बसायचं नाही, कागद फाडायचा. कारण पेपर वाचणाऱ्याच्या घरी समजावून सांगायला आम्ही जाणार नसतो.

ज्यांना हे काम आठवड्याला नव्हे तर रोज करावं लागतं, त्यांना आमचा नमस्कार. आपल्या घरांतही पोहोचलेला 'चिंटू' आठवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. रोज एक पट्टी म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर विनोद. तीन चौकटींच्या पट्टीचं गणित ठरलेलं असतं. पहिल्या चौकटीत प्रसंग सांगायचा, दुसऱ्या चौकटीत वाचकाला एका बाजूला न्यायचं आणि तिसऱ्या चौकटीत दुसरीकडून गाठायचं. तिसऱ्या चौकटीत काय येणार हे दुसरीतच कळलं, तर पट्टी फुकट गेली. आणखी एक बारीक गोष्ट. जो आधी बोलतो त्याला डावीकडे उभं करायचं, कारण आपण डावीकडून वाचतो. बोलण्याचा फुगाही आधी काढायचा नाही. आधी अक्षरं लिहायची आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा. उलट केलं, की शेवटचे शब्द लोकलच्या दारात लटकणाऱ्यांसारखे दिसतात.

शब्दच नकोत असं ठरवणारेही मोठे लोक आहेत. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. त्यांची हास्यचित्रं एका शब्दाशिवाय बोलतात. मासिकांची मुखपृष्ठं आपल्या वस्तीत फारशी येत नव्हती. पण फडणीसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि ती पुस्तकं मात्र आपल्या घरांत आली. ज्या आईबापांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही मुलाच्या पुस्तकातलं चित्र कळत होतं. वसंत सरवटे (१९२७–२०१६) सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून ते चित्रं काढत. कारखान्यातली पाळी करून रात्री निब हातात धरणाऱ्या आमच्यासारख्याला त्यांचा फार आधार वाटत असे.

आता ती वीस मिनिटं. सामान थोडकंच लागतं. जाडसर कागद, पेन्सिल, होल्डरला लावलेली निब, काळ्या शाईची बाटली आणि चुका झाकायला पांढरा पोस्टर रंग. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढायचं. लहान करून छापलं, की हाताचा थरकाप लपतो. पण जपावंही लागतं. फार बारीक रेघ लहान होताना नाहीशी होते, आणि फार जवळ-जवळ ओढलेल्या रेघांचा काळा डाग होतो.

आम्ही हे शिकलो ते मार खाऊन. तेव्हा छपाई खिळ्यांची होती. चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल मोकळी जागा खाऊन टाकतं, रेघा तेवढ्या वर राहतात. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. ब्लॉकचे पैसे मोजावे लागत, म्हणून चौकटीचा आकार आमच्या कलेवर नव्हे, साप्ताहिकाच्या गल्ल्यावर ठरायचा. एकदा आम्ही माणसाच्या शर्टावर फार हौसेने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. छापून आल्यावर लोकांनी विचारलं, "हा माणूस डांबरात पडला का?" आता चित्र मोबाईलवरून संपादकांकडे जातं, पण कागद तोच आणि शाईही तीच. रेघ थोडकी ठेवायची सवयही तीच.

इथवर सांगितलं ते हाताचं काम. आता सांगतो ती गोष्ट सांगायला जड जाते. पण विचारणारा मुलगा शाळेतला होता आणि गोष्टही शाळेतल्या मुलाची आहे, म्हणून सांगितलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यांच्या आणि गटारांच्या उद्घाटनांचा धडाका लागला होता. आम्ही एक चित्र काढलं. एक पुढारी फीत कापतो आहे, शेजारी गटाराचं उघडं भोक, त्यातून एक सफाई कामगार डोकं वर काढून म्हणतो, "साहेब, आतपण एक फीत लावलीय." चित्र घरच्या कोर्टात पास झालं. छापून आलं. लोकांना आवडलं. कोणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवला. आमच्या ओळखीच्यांनी पाठ थोपटली, "पुढाऱ्यांची चांगली जिरवलीत."

पुढच्या रविवारी सकाळी दारात एक बाई उभ्या. हातात साप्ताहिकाच्या पानाची घडी. सौ.नी आत घेतलं, पाणी दिलं. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे तुम्ही पुढाऱ्यावर काढलंय, ते मला समजलं. माझ्या पोराच्या वर्गाला नाही समजलं."

त्यांचे मालक ठेकेदाराकडे गटाराच्या कामाला होते. वर्गातल्या कुणाच्या तरी घरी ते चित्र मोबाईलवर आलं होतं. दोन दिवस मुलं या पोराच्या बापाला चित्रातल्या माणसाच्या नावाने हाका मारत होती. तिसऱ्या दिवसापासून पोरगा शाळेत गेलाच नव्हता.

आम्ही समजावू लागलो. "ताई, आम्ही तुमच्या मालकांना हसलेलो नाही. उलट त्यांच्या बाजूने..."

बाईंनी पानाची घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि पुढाऱ्यावर बोट ठेवलं. "ह्याचं नाक सरळ आहे. कपडे नीट आहेत." मग बोट खाली आणलं. "आमच्या माणसाचे दात असे का?"

आम्ही चित्राकडे पाहिलं. पुढारी आम्ही वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून नेटका काढला होता. कामगार मनाने काढला होता. त्याचे दात पुढे, डोळे बटाट्यासारखे, बनियनला भोकं, तोंडावर चिखलाचे फराटे. असं काढायचं आम्ही ठरवलं नव्हतं, हात आपसूक तसा वळला होता. लहानपणी दिवाळी अंकांतली चित्रं गिरवून आम्ही हे काम शिकलो. त्या चित्रांत गडी, मोलकरीण, भिकारी, खेडूत यांचे ठोकळे ठरलेले असत. गरीब माणूस काढायचा म्हणजे आधी दात पुढे काढायचे. बायको काढायची म्हणजे तिच्या हातात लाटणं द्यायचं. ते ठोकळे आमच्या हातात बसले होते, आणि पेन्सिलच्या आधी तेच पळत होते. शब्द पुढाऱ्याला टोचत होते आणि रेघा कामगाराला. शाळकरी पोरांनी शब्द कुठे वाचले असतील? त्यांनी चित्र पाहिलं.

मराठीत 'हसू' आणि 'हसं' हे दोन शब्द जवळजवळ एकसारखे दिसतात. आम्हाला हसू आणायचं होतं. आणि एका घराचं हसं झालं होतं.

चहा घेताना बाई जरा मोकळ्या झाल्या. बोलता-बोलता म्हणाल्या, "मोठे साहेब आले होते त्या दिवशी सगळ्यांना बूट आणि टोप्या आल्या होत्या. फोटो झाला, संध्याकाळी गोळा करून नेल्या."

आम्ही वही काढली नाही. त्या बसलेल्या असताना ते बरं दिसलं नसतं. पण त्या गेल्यावर लगेच लिहून ठेवलं.

त्या आठवड्यात आम्ही चार वेळा कागद फाडला. शेवटी छापलं ते चित्र असं होतं. पुढारी आणि साहेब लोक ओळीने उभे. सगळ्यांच्या डोक्यावर नवी कोरी टोपी, हातात रबरी मोजे, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. समोर फोटोवाला. बाजूला गटाराच्या झाकणापाशी कामगार, अनवाणी, उघड्या डोक्याने, पण ताठ आणि शांत उभा. तो विचारतो, "साहेब, फोटो झाला की ते बूट मिळतील का?" त्याचं नाक आम्ही सरळ काढलं. त्यासाठी आमच्या कारखान्यातल्या एका सोबत्याला समोर बसवला होता. खाली दोन ओळींत मागच्या चित्राबद्दल माफी मागितली.

खरं सांगायचं तर हे चित्र पहिल्यापेक्षा जास्त हसवणारं झालं. आणि त्यात गंमत करण्यासारखं काही नाही हेही लोकांना कळलं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा कामगार दगावला तर त्याच्या वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. आदेश येतात, आणि बूट फोटोपुरते येतात. बाईंच्या मुलाने ते दुसरं चित्र वर्गात नेलं की नाही, हे आम्ही विचारलं नाही. विचारायचा आमचा हक्क राहिला नव्हता.

त्यानंतर आम्ही थोरामोठ्यांची चित्रं पुन्हा काढून पाहिली, या वेळी नाकं आणि दात बघायला. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' घ्या. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त तो रोज येत असे. लक्ष्मण सुरुवातीला देशातल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या माणसांची गर्दी काढत. रोजच्या घाईत एवढी माणसं काढणं जमेना, म्हणून एकेक कमी करत शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशा. तो बोलत नाही, फक्त बघतो. त्याचा चेहरा जितका गंभीर, तितका समोरचा मंत्री हास्यास्पद दिसतो. ज्याच्या बाजूने आपण उभे, त्याला शांत ठेवायचं, हे लक्ष्मणांच्या चौकटीतून शिकण्यासारखं आहे. पण एक प्रश्नही पडतो. सगळी गर्दी कमी करून जो एक उरला, तो कोट-धोतरातला निघाला. आमच्या बापाकडे तसा कोट नव्हता. पाळीवर जाणारा कामगार, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, हे त्या कोटाच्या आत मावले का? वाचकांनी विचार करावा.

आणि एक चित्र असं आहे, ज्याच्यावर बोलल्याशिवाय आपल्या वाचकांना हा विषय पुरा वाटणार नाही. २८ ऑगस्ट १९४९ ला 'शंकर्स वीकली'त शंकर यांचं व्यंगचित्र आलं. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब हातात आसूड घेऊन बसले आहेत आणि मागे पंडित नेहरू आसूड उगारून उभे आहेत. संविधानाला उशीर का, असा त्याचा रोख. हे चित्र २००६ साली अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात घेतलं गेलं, आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत वादळ उठलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड आपल्या मार्गातली नव्हती, हे तेव्हाही आम्ही म्हटलं होतं. पण लोकांच्या मनाला लागलं, ते उगीच लागलं नव्हतं.

कोणी म्हणतं, नेहरूंचा आसूड गोगलगायीवर आहे. कोणी म्हणतं, बाबासाहेबांवर. चित्र काढणारा म्हणून आमचं मत सांगतो. कागद सपाट असतो. माणसाच्या पाठीमागे आसूड उगारलेला दाखवला, की तो त्याच माणसाच्या पाठीवर पडणार असं डोळ्याला दिसतं. काढणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कागदावर उमटत नाही. आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खरे आसूड खाल्ले, त्यांना ते आधी दिसणार. शिवाय गोगलगायीचं म्हणाल, तर मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलं. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकृत झालं. चित्र छापून आल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांतली बाबासाहेबांवरची अशी शंभराहून जास्त व्यंगचित्रं उन्नमती श्याम सुंदर यांनी शोधून २०१९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. ते स्वतः व्यंगचित्रकार आहेत. आपल्या माणसाने निब हातात घेऊन जुन्या चित्रांना जाब विचारावा, हा मार्ग आम्हाला पटतो.

जाब विचारला, की चांगला चित्रकार ऐकतोही. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ नावाचे चित्रकार होते. शाळेच्या दप्तरांवर दिसणारा 'स्नूपी' कुत्रा त्यांचाच. १९५० पासून २००० पर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी मदतनीस न घेता 'पीनट्स' ही चित्रपट्टी काढली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी हॅरिएट ग्लिकमन या बाईंनी शुल्झना पत्र लिहिलं, की तुमच्या मुलांच्या घोळक्यात एखादं कृष्णवर्णीय मूल असू द्या. शुल्झ यांनी कळवलं, इच्छा आहे, पण उपकार केल्यासारखं दिसेल अशी भीती वाटते. बाईंनी पाठ सोडली नाही. त्यांनी आपल्या कृष्णवर्णीय स्नेह्यांनाच लिहायला लावलं. त्यांचं म्हणणं होतं, नायक नको, घोळक्यातलं एक साधं मूल म्हणून तरी येऊ द्या. ३१ जुलै १९६८ च्या पट्टीत फ्रँकलिन आला. समुद्रकाठी वाहून चाललेला चेंडू त्याने चार्ली ब्राउनला परत आणून दिला. एवढंच. पुढे एका संपादकाने कळवलं, की या मुलाला गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात दाखवू नका. शुल्झ यांनी उत्तरच दिलं नाही आणि वर्गात दाखवत राहिले.

ग्लिकमनबाईंनी पत्र लिहिलं, आमच्याकडे आलेल्या बाई बस बदलून घरी आल्या. दोघींनी चित्र बंद करा असं म्हटलं नाही. नीट काढा, एवढंच म्हटलं.

तर मुला, बाकीचा आठवडा त्यात जातो. सोमवारी-मंगळवारी कल्पना, बुधवारी काटछाट, गुरुवारी घरचं कोर्ट. शुक्रवारी आम्ही शाईच्या बाटलीचं झाकण उघडायच्या आधी कच्च्या चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवतो, त्या बाईंनी ठेवलं होतं तसं. याचं घर असेल, याचं पोर शाळेत जात असेल, ते हे चित्र बघेल. मग शाई.

आता तुम्हीही करून बघा. वहीचा कोरा कागद आडवा धरा आणि तीन घड्या पाडा. घरातलाच प्रसंग घ्या: पाणी गेलं, गॅस संपला, आजीने मोबाईल उलटा धरला. पहिल्या घडीत प्रसंग, दुसरीत वळण, तिसरीत उत्तर. तिन्ही मिळून दहा शब्दांच्या वर जायचं नाही. आजीचं चित्र काढलं असेल तर ते सर्वांत आधी आजीलाच दाखवा. आजी हसली, की समजा चित्र जमलं.